बोअरच्या पाण्याच्या प्लेटा

तेहेतीस वर्षं मला लघवीचा वास आला नाही. निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत यायला लागला. लातूरच्या बसस्टँडवर नाकाला पदर लावून उभी राहिले तेव्हा माझं मलाच हसू आलं. नोकरीत असताना सकाळी नऊच्या आत चाळीस-चाळीस बाटल्या उघडल्या, एकीलाही नाक मुरडलं नाही. नाकसुद्धा पगारावर असतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मी लॅबमध्ये जंतू वाढवायचं काम केलं. आधी नांदेडला, नंतर लातूरला, दोन्हीकडे खाजगी लॅबमध्ये. नातेवाइकांना वाटायचं, मी जंतू मारते. खरं तर आमच्याकडे जंतूंची बडदास्त असते. काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटेत, त्यांच्यासाठी जेवण थापलेलं असतं. मांसाचा अर्क आणि त्याला घट्ट करायला अगार, म्हणजे समुद्री शेवाळाचा चीक. घरी आपण चायना ग्रास आणतो त्याच जातीचा. पेशंटच्या लघवीतला किंवा पुवातला जंतू त्यावर कापसाच्या बोळ्यानं सारवायचा आणि रात्रभर माणसाच्या अंगाएवढ्या उबेत ठेवायचा. सारवल्यावर त्यावर कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवायच्या. पंचिंग मशीनमधून कागदाचे तुकडे पडतात तेवढ्याच. प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेलं असतं. सकाळी बघावं तर सगळ्या प्लेटेवर जंतूंची साय आलेली असते आणि काही चकत्यांभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक कडं दिसतं. तिथपर्यंत औषध झिरपलं आणि तिथं जंतू उगवू शकला नाही. कडं मोठं असेल तर रिपोर्टात त्या औषधापुढे 'एस' लिहायचं, म्हणजे चालेल. लहान असेल तर 'आर', म्हणजे जंतू या औषधाला दाद देणार नाही.

कडं मोजायचं फूटपट्टीनं. लोकांना वाटतं, केवढी मोठी यंत्रं असतील. माझं सगळं शास्त्र एका प्लास्टिकच्या फूटपट्टीवर चाललं, तीही एका औषध कंपनीनं फुकट वाटलेली.

या चकत्यांमध्ये माझी लाडकी होती सिप्रोफ्लॉक्सासिनची. मी नांदेडला लागले त्या काळात सिप्रोचं कडं इतकं मोठं पडायचं, की शेजारच्या चकतीच्या हद्दीत घुसायचं आणि मोजायची पंचाईत व्हायची. मी मुळात रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे या रेणूची रचना मला तोंडपाठ. एकमेकींना चिकटलेल्या दोन कड्या. एका कोपऱ्यावर फ्लोरिनचा एकच अणू. या घराण्यातलं जुनं औषध बेताचंच होतं, लघवीच्या किरकोळ तक्रारींपुरतं. हा एक अणू बसवल्यावर त्याच घराण्याला जी धार आली ती आली. फ्लोरिनच्या शेजारी नायट्रोजनवाली आणखी एक कडी टांगलेली, तिनं औषधाचा पल्ला वाढवला. आणि समोरच्या बाजूला दोन ऑक्सिजन, अगदी जवळजवळ. हे दोघं नीट लक्षात ठेवा.

हे औषध जंतूला मारतं कसं, हे मी लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरींना बाजेच्या सुंभावरून सांगायची. सुंभाचा पीळ एका टोकाकडून उलगडायला लागलं की पुढे तो जास्तच आवळतो, शेवटी गाठ पडते. जंतूच्या पोटातला डीएनएचा धागाही असाच पिळाचा. तो उलगडल्याशिवाय जंतूला दुप्पट होता येत नाही. म्हणून त्याच्याकडे एक कामगार असतो, गायरेज नावाचा. तो धागा कापतो, पीळ सोडवतो आणि परत जोडतो. सिप्रो त्याला नेमकं कापून झाल्यावर आणि जोडायच्या आधी पकडते. धागा तुटलेलाच राहतो, जंतू मरतो. माणसाच्या पेशीतला कामगार वेगळ्या बांध्याचा असल्यामुळे तो सहसा सिप्रोच्या हाती लागत नाही. सहसा म्हणते, कारण औषध काही साधू नाही. टाचेमागची शीर दुखावल्याचे पेशंट मीही पाहिलेत.

आता ते दोन ऑक्सिजन. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असं काही समोर आलं की ते त्याला दोन्हीकडून धरतात आणि सोडत नाहीत. धरून बसलेली सिप्रो आतड्यातून रक्तात जात नाही आणि जंतूच्या आतही शिरत नाही. गोळी खाऊनही खाल्ल्यासारखी नाही.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. अनुभवातून शिकवलं अर्धापूरच्या एका सासूबाईंनी. त्यांच्या सुनेला लघवीचं इन्फेक्शन होतं, सोबत ताप. आम्ही रिपोर्ट दिला, सिप्रो 'एस', कडं चांगलं ऐसपैस. आठवडाभर गोळ्या खाऊन ताप हटेना. डॉक्टरांनी परत नमुना पाठवला. परत तोच जंतू, परत तेवढंच कडं. मग त्यांचा फोन आला, की तुमची लॅब झोपेत रिपोर्ट लिहिते का? मला फोनवर बोलणी ऐकून घ्यायची सवय नव्हती. तिसऱ्या नमुन्याला सासू-सून आल्या तेव्हा मी स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसले.

"गोळी कशी घेता?"

"कशी म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या, "दुधात. तोंडानं न्हाई उतरत तिला, म्हून कुटून देते. लई उष्ण गोळी हाय ना ती. दूध न्हाई दिलं तर अंगावर उठंल."

"आणि दुसरी काही गोळी?"

"हाव, ती पांढरी ढब्बू. हाडाची. ती पण त्याच दुधात. दोनदा कशाला तोंड कडू करायचं लेकराचं?"

म्हशीचं पेलाभर दूध, वर कॅल्शियमची गोळी आणि त्यात कुटलेली सिप्रो. सासूबाईंनी मायेनं औषधाचे हात बांधून ठेवले होते. मी त्यांना म्हटलं, गोळी नुसत्या पाण्यात द्या, दूध आणि ढब्बू चार-पाच तासांनी. त्यांना पटलं नाही, पण सुनेला पटलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

या एका केसवर मी नांदेडात बरीच मिरवले. ज्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं होतं त्यांनीच मला त्यांच्या बैठकीत पंधरा मिनिटं बोलायला लावलं. मी फळ्यावर रेणू काढला, दोन ऑक्सिजन लाल खडूनं रंगवले. 'कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गाठ पडली की सिप्रो कामातून गेली' हे माझं वाक्य पुढे किती तरी वर्षं माझ्याच नावावर चालत होतं. मी ते एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकवत असे. हे सगळं मुद्दाम सांगते आहे, म्हणजे मला माहीत नव्हतं म्हणून चूक झाली, असं पुढे कुणी म्हणायला नको.

नवऱ्याच्या बदलीमुळे लातूरला आले. तिथल्या लॅबचे मालक पॅथॉलॉजिस्ट. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. माणूस सज्जन, पण वाद टाळणारा. कल्चरचा विभाग त्यांनी पूर्ण माझ्यावर सोपवला होता आणि मी तो माझ्या स्वयंपाकघरासारखा चालवायची. भांडी जागच्या जागी, आणि कुणी मधे लुडबुडलेलं खपायचं नाही.

मग पाणीटंचाईचं ते वर्ष आलं. लातूरकरांना कुठलं, हे सांगायला नको. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. प्लेटा बनवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं, काहीच न विरघळलेलं पाणी. आमच्याकडे त्याची काचेची भट्टी होती. पण वाफ थंड करायला तिच्या नळीभोवती सतत पाणी सोडावं लागतं. एक बादली मिळवायला दहा बादल्या वाहून जातात. जिथं माणसं घागरीसाठी रांगेत होती तिथं ती भट्टी लावायची मला लाज वाटली. विकतच्या कॅनवाल्यानंही हात वर केले.

इमारतीला बोअर होता, भरपूर खोल. त्याचं पाणी अजून येत होतं. मी ते तिहेरी कापडातून गाळलं, उकळलं, परत गाळलं. त्यात प्लेटांच्या जेवणाची पूड विरघळवून दाबाच्या कुकरमध्ये वाफवली. जंतू म्हणाल तर औषधालाही उरला नाही. जंतूवाल्या बाईच्या लेखी पाणी शुद्ध झालं. माझी अक्कल तिथंच थांबली, कारण इतकी वर्षं शुद्ध म्हणजे जंतू नसलेलं, एवढीच माझी व्याख्या होती.

त्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता. बादलीला पांढरे थर बसत होते. घरीही आम्ही तसलंच पाणी भरत होतो आणि त्यात डाळ शिजत नाही म्हणून मी डाळीपुरतं टँकरचं पाणी वेगळं झाकून ठेवत होते. म्हणजे त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठासून भरलंय, हे माझ्यातल्या बाईला पक्कं ठाऊक होतं. ती बाई घरी डाळ वेगळ्या पाण्यात शिजवायची आणि लॅबमध्ये येऊन बोअरच्या पाण्यात प्लेटा ओतायची. ओतलेल्या प्लेटा किंचित गढूळ दिसायच्या. तेही मी पाहिलं होतं.

प्लेटा खऱ्या निघाल्या की नाही, हे तपासायची आमच्याकडे रीत असते. एक पाळलेला जंतू ठेवतात. त्याची कडी किती पडायला हवीत ते ठरलेलं असतं, दर आठवड्याला तो लावून बघायचा. त्या दिवसांत प्लेटा मोजक्याच बनत होत्या. आधी पेशंट, मग पाळलेला जंतू, असं मी ठरवलं आणि पाचेक आठवडे तो लावलाच नाही. मला तेव्हा यात माणुसकी वाटली होती.

सिप्रोची कडी आखडायला लागली. एक, दोन, पाच पेशंट. आणि खरं सांगते, मला घाबरायच्या ऐवजी स्फुरण चढलं. मेडिकलवाल्याकडून लोक सिप्रो फुटाण्यासारखी घेऊन खातात, एक दिवस ती निकामी होणार, हे सगळेच बोलत होते, मीही बोलत होते. आता माझ्या हातात पुरावा होता. मी 'आर' आलेला प्रत्येक जंतू छोट्या बाटलीत भरून, नाव लिहून फ्रीजमध्ये ठेवू लागले. डॉक्टरांच्या सभेत पुन्हा बोलायचं मनात होतं. जे सगळ्यांना आधीच वाटत होतं तेच माझी प्लेट सांगत होती, म्हणून तिला उलट प्रश्न कुणीच विचारला नाही.

त्यातला एक जंतू शिवलिंगअप्पांचा होता.

अप्पांची पिठाची गिरणी आमच्या घराच्या मागच्या गल्लीत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगावर पिठाचा थर, त्यामुळे कुठं भस्म संपलं आणि कुठं पीठ सुरू झालं ते कळत नसे. रोज सकाळी ते आधी स्वतःला भस्म लावायचे, मग गिरणीला. चाळीस वर्षं हा माणूस कानानं दळत होता. दगड किती आवळायचा, टाकी कधी लावायची, म्हणजे दगडाला परत खाचा कधी पाडायच्या, हे ते आवाजावरून ठरवायचे. एकदा माझी ज्वारी वरून ओतता ओतता त्यांनी मोटार बंद केली.

"ताई, तुमच्या ज्वारीत खडा हाय."

"मी निवडलीय अप्पा."

"निवडली असंल. पर हाय."

त्यांनी हात घालून खडा काढून दाखवला. मसुरीएवढा. मला राग आला होता, आणि कौतुकही वाटलं होतं.

अप्पांना लघवी अडकण्याचा त्रास. नळी घालावी लागली, ताप भरला, नमुना माझ्याकडे आला. सिप्रोचं कडं फूटपट्टीवर 'एस'साठी ठरलेल्या काठाच्या अलीकडे पडलं. 'आर'. ॲमिकासिनचं कडं चांगलं होतं, ते 'एस'. त्यांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "गोळी नाहीच चालणार म्हणता? पेशंट घरी जायचं म्हणतोय."

"नाही चालणार, डॉक्टर," मी म्हणाले. "सिप्रोचे दिवस संपले आता."

ॲमिकासिन इंजेक्शनातूनच द्यावं लागतं. गुणी औषध, पण किडनी आणि कान सांभाळून द्यायचं. कानाच्या आत जे बारीक केस आवाज झेलतात, ते या औषधानं जळतात आणि जळलेले परत उगवत नाहीत. अप्पांची किडनी आधीच थोडी मंद होती. दहा दिवस इंजेक्शनं झाली. सातव्या दिवसापासून कानात घुंई सुरू झाली. इंजेक्शन द्यायला येणारा कंपाउंडर म्हणाला, अशक्तपणा आहे. ताप मात्र गेला. अप्पांनी आमच्या घरी येऊन मला हात जोडले, "ताई, तुमी बराबर दवा हुडकली." मी ते हात जोडणं स्वीकारलं.

पुढच्या आठवड्यात एक निवृत्त गणित शिक्षक लॅबमध्ये आले. लॅबवाल्यांना असे पेशंट नकोसे असतात. यांनी एकाच सकाळची लघवी दोन बाटल्यांत भरली होती. एक आमच्याकडे दिली आणि दुसरी बर्फात घालून नांदेडला मुलीकडे पाठवून तिथल्या लॅबमध्ये तपासून घेतली. दोन्ही रिपोर्ट त्यांनी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, जंतू एकच लिहिलाय दोघांनी. लातुरात सिप्रोला दाद देत नाही आणि नांदेडात देतो. हा जंतू जिल्हा बघून वागतो का?"

मी म्हणाले, नांदेडच्या लॅबची चूक असेल.

"असंल," ते म्हणाले. "पण दोघांपैकी कोण चुकलं हे तुमी कसं ठरवलं, तेवढं करून दाखवा. पायऱ्यांसकट."

ते गेल्यावर मी चिडून पाळलेला जंतू बाहेर काढला, त्यांचं तोंड बंद करायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सिप्रोचं कडं मोजलं. ठरलेल्यापेक्षा लहान. परत मोजलं. फूटपट्टी बदलून मोजलं. मग मला ती डाळ आठवली.

मेडिकलमधून इंजेक्शनात मिसळायच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. तेवढ्या पाण्यात चार प्लेटा ओतल्या, चार बोअरच्या पाण्यात. फ्रीजमधले माझे मानाचे जंतू दोन्हींवर लावले. काही खरोखरच दाद न देणारे होते, ते दोन्हीकडे तसेच राहिले. पण जे काठावर होते ते सगळे बोअरच्या प्लेटेनं पलीकडे ढकलले होते. अप्पांच्या जंतूचं कडं नव्या प्लेटेवर हरभऱ्याच्या दाण्याएवढं वाढलं. तेवढ्यानं तो 'आर'चा 'एस' झाला. गोळीनं भागलं असतं.

अर्धापूरच्या सासूबाईंनी पेलाभर दुधात जे केलं, ते मी लातुरात कुकरभर केलं होतं. त्यांना रसायन माहीत नव्हतं, एवढाच फरक.

सरांना सांगितलं. मग आम्ही दोघांनी यादी केली आणि एकेका डॉक्टरांना फोन लावले. बहुतेक पेशंट दुसऱ्या औषधांनी बरे होऊन गेले होते, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. अप्पांच्या डॉक्टरांना मी विचारलं, कान कसे आहेत त्यांचे? ते म्हणाले, "कान गेलेत की. तपासून घेतलं. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. पण चाळीस वर्षं गिरणीत उभा राहिलेला माणूस आहे, आवाजानं गेलेत." कानाचा आलेख दोन्हींत जवळजवळ सारखाच येतो. गिरणीनं गेलेले कान आणि इंजेक्शननं गेलेले कान कागदावर ओळखता येत नाहीत.

"अप्पांना सांगायला हवं," मी सरांना म्हणाले.

"सांगून कान परत येणार आहेत?"

"नाही."

"मग?"

मी गप्प बसले. सात महिने.

त्या सात महिन्यांत अप्पांचं पीठ बिघडलं. कधी भरड, कधी करपट वासाचं, कारण दगड जास्त आवळला तर पीठ तापतं आणि ते तापायच्या आधी जो आवाज येतो तो त्यांना येत नव्हता. बायका दुसऱ्या गिरणीत जाऊ लागल्या. माझं दळण तिथंच जात राहिलं, पण डबा नवऱ्याच्या हाती पाठवायला लागले. एकदा त्यांच्या पत्नी, महानंदाकाकू, भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "गिरणी काढून टाकून राहिले ओ ताई. डॉक्टर म्हन्ले, हिच्यानंच कान गेले, आता उरलेले बी जातील. तवापास्नं हे सकाळी गिरणीला भस्म लावंनात. शिव्या देत्यात तिला. चाळीस वर्षं पोसलं आन तिनंच खाल्लं म्हंत्यात. उदगीरचा मानूस येनार हाय उद्या, मशीन बघायला."

मी घरी आले. रविवार होता. ज्वारीचा डबा उचलला आणि स्वतः गेले.

लाईट गेली होती. गिरणी बंद, चार-पाच बायका डब्यांवर बसलेल्या, अप्पा स्टुलावर. मी मनात नीट शब्द जुळवून आले होते, हळू आवाजात सांगण्यासारखे. त्यांच्या जवळ जाऊन बोलले. त्यांनी कानाला हात लावला.

"मोठ्यानं बोला ताई. ऐकू न्हाई येत."

परत बोलले. परत तेच. असल्या गोष्टी कुजबुजून सांगायची सोय त्या माणसाकडे उरली नव्हती आणि ती सोय मीच काढून घेतली होती.

"अप्पा, माझा रिपोर्ट चुकला होता!" मी ओरडले.

डब्यांवरच्या बायका माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला इंजेक्शन लागत नव्हतं! गोळीनं ताप गेला असता! तुमचे कान इंजेक्शननं गेलेत, गिरणीनं नाही!"

अप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. "कशानं चुकला?"

"पाण्यानं! बोअरच्या पाण्यानं! मी बोअरचं पाणी वापरलं!"

"बोअरचं पानी तर आमी बी वापरून राहिलो की. आमचं न्हाई काई चुकलं."

मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "आमच्या मामंजीचे रिपोर्ट बी तिथलेच होते ओ." ते मला ऐकू आलं. अप्पांना आलं नाही.

"तुमाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. कालच, म्हणता आलं असतं. "सात महिने झाले!"

त्यांच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया आणि त्यांच्याखाली डोळे, एवढंच दिसत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"सात महिने," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल. "कान गेले ते गेले. ते नशिबात असतील. पर सात महिने मी हिला शिव्या देऊन राहिलो. सोताच्या अन्नाला. तुमी रोज हिकडून जात होता, ताई. येक दिवस आत येऊन सांगायचं व्हतं."

"हो अप्पा. सांगायला हवं होतं."

"काय?"

"चुकलं माझं!"

"ते झालं सांगून." ते स्टुलावरून उठले. "महानंदा! उदगीरवाल्याला फोन लाव. येऊ नको म्हनावं."

काकू दारातून म्हणाल्या, "आन पीठ कसं करनार? ऐकू कुठं येतंय तुमाला?" त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

लाईट आली. अप्पांनी बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला. माझाच डबा त्यांनी वर ओतला, एक तळहात गिरणीच्या अंगावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं मला जवळ बोलावलं. मी बायकांच्या मधून पुढे गेले.

"कान द्या हितं," ते ओरडले. "दाना फुटून राहिला का दगडावर दगड घासून राहिला?"

मी वाकून कान दिला. नुसता गोंगाट. चाळीस वर्षांत हा माणूस त्यात काय काय ऐकत आला असेल, मला त्यातलं एक अक्षर लागेना. आयुष्यभर मी 'एस' नाही तर 'आर' असं एका अक्षरात उत्तर देत आले. तोंडात 'दाणा' आलंही होतं. मग मी मान हलवली.

"नक्की सांगता येत नाही, अप्पा!"

त्यांनी तळहात उचलला नाही.

"मंग परत ऐका," ते म्हणाले.